विचारलं तर गोड हसायचं

"एका महिन्यात मी भिंतीलासुद्धा नाडी बघायला शिकवीन, साहेब! ही तर हाडामासाची माणसं आहेत!"

असं म्हणून सिस्टरनी मोठ्या साहेबांच्या टेबलावर हात आपटला. तो नेमका साहेबांच्या चष्म्यावर पडला आणि चष्म्याची एक काडी निखळली. दुसरं कुणी असतं तर एवढ्यावरच सावध झालं असतं. पण सिस्टर सावध होणाऱ्यांतल्या नव्हत्या, दुसऱ्यांना सावध करणाऱ्यांतल्या होत्या. अख्खं हॉस्पिटल त्यांना 'सेकंदकाटा' म्हणायचं. अर्थात पाठीमागे!

विषय असा होता. खाटा आवरणाऱ्या, ट्रॉल्या ढकलणाऱ्या, पेशंटला भरवणाऱ्या मदतनीसांना ताप, नाडी, प्रेशर आणि श्वास मोजायला शिकवायचं, आणि बिघाड दिसला की त्यांनी वेळेवर वर कळवायचं, असा बेत ठरला होता. शिकवण्याचं काम सिस्टरनी हौसेने मागून घेतलं होतं. मोठ्या साहेबांना मात्र हे सगळं थोतांड वाटत होतं. साहेब हाडांचे डॉक्टर. जे फोटोत दिसत नाही आणि स्क्रूने बसत नाही त्यावर त्यांचा विश्वास नसे.

"सिस्टर, हे बघा," काडी नसलेला चष्मा नाकावर तोलत साहेब म्हणाले. "बारा नंबरच्या खाटेचा श्वास, मिनिटाला अठरा. तेरा नंबर, अठरा. चौदा नंबर, अठरा. पंधरा नंबर, तोही अठरा!"

"म्हणजे तब्येती उत्तम आहेत, साहेब."

"पंधरा नंबरचा पेशंट परवाच घरी गेला. खाट रिकामी आहे. तुमच्या वॉर्डात गादी श्वास घेते, सिस्टर!"

हे खरं होतं, आणि ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. तापाला थर्मामीटर आहे, प्रेशरला मशीन आहे. श्वास मात्र माणसालाच मोजावे लागतात, तेही मिनिटभर उभं राहून. एवढा वेळ कुणाला? मग अंदाजाने लिहायचं, अठरा. कमी नाही, जास्त नाही, कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

"महिनाअखेरीस परीक्षा मी घेईन," साहेब म्हणाले. "पास झाले तर तुमचा वर्ग कायम. नापास झाले तर त्यांनी परत बादली-फडकं हातात घ्यायचं आणि तुम्ही चादरींच्या कोठीत जायचं. रिटायर होईपर्यंत उशांचे अभ्रे मोजा!"

चादरींची कोठी म्हणजे तळघरातली बिनखिडकीची खोली. डांबरगोळ्यांचा वास, एक मिणमिणता दिवा आणि छतापर्यंत चादरी. आधी तिथे ज्या सिस्टर होत्या त्या शेवटी शेवटी उशांशी बोलायला लागल्या होत्या, आणि उशा उलट बोलतात अशी तक्रारही करायच्या. तरी सिस्टर ताठ मानेने म्हणाल्या, "मंजूर!"

वर्ग भरायचा तो दुसऱ्या मजल्याच्या टोकाला. खोली छोटी, पण खिडकी मोठी. एक खाट, एक फळा आणि तीन विद्यार्थी.

पहिल्या होत्या मावशी. वॉर्डात त्यांचा आवाज आधी यायचा आणि त्या मागून. पेशंट बिघडला की डॉक्टरांना सांगायच्या, "त्यांचं काही खरं नाही हो!" आता हे डॉक्टरांनी कागदावर लिहायचं कसं?

दुसरे मामा. जन्मभर ट्रॉली ढकललेली, पण स्वभाव इतका भिडस्त की नाडी बघण्याआधी तीनदा विचारायचे, "धरू का? खरंच धरू? राग नाही ना येणार?" तोवर पेशंटला झोप लागायची.

तिसरी लिफ्टवाली. लिफ्ट आपोआप चालायला लागली आणि बाईचं स्टूल गेलं, म्हणून तिला इकडे धाडलेलं. तिचं सगळं बोलणं मजल्यांत. "सिस्टर, ताप तिसऱ्या मजल्यावर आहे आणि वर चाललाय!"

"आकडा सांगा!" सिस्टर फळ्यावर खडू आपटायच्या. "मत नको, मजला नको, आकडा! पेशंट कोण, आकडा किती, मघाशी किती होता. बस्स! आणि श्वास पंचविसाच्या वर गेले तर कुणाची वाट बघायची नाही. दुसऱ्याकडून एकदा मोजून घ्यायचे आणि लाल बटण दाबायचं. तातडीची टीम धावत येईल."

"आणि पेशंट म्हणाला, मी बरा आहे, तर?" मामांनी विचारलं.

"तर जास्त घाबरायचं! बरा आहे म्हणणारेच आधी दगा देतात."

ताप, नाडी, प्रेशर पंधरवड्यात जमलं. घोडं अडलं ते श्वासापाशी. कारण श्वासाची गंमत अशी, की मोजतोय म्हणून सांगितलं की माणूस श्वास घेत नाही, करून दाखवतो. सिस्टरनी मामांना खाटेवर झोपवलं आणि म्हणाल्या, "आता मी तुमचे श्वास मोजणार." झालं! मामा लोहाराच्या भात्यासारखे फुसफुसायला लागले. मधेच त्यांना वाटलं आपण सिस्टरना फार त्रास देतोय, म्हणून त्यांनी श्वास घ्यायचाच बंद केला. शेवटी मावशींनी पाठीत गुद्दा घातला तेव्हा गाडी सुरू झाली.

"म्हणून सांगते, नीट ऐका," सिस्टर खुर्चीवर बसल्या आणि आवाज खाली आणला. "श्वास चोरून मोजायचा. मनगट असं धरायचं, जशी काही नाडीच बघताय. नजर छातीवर ठेवायची. घड्याळाचा काटा पूर्ण फिरेपर्यंत हात सोडायचा नाही. आणि पेशंटला कळू द्यायचं नाही!"

"आणि त्याने विचारलं, काय करताय म्हणून?" मावशी म्हणाल्या.

"विचारलं तर गोड हसायचं आणि विषय बदलायचा. 'आज उकाडा फार आहे, नाही?' एवढं म्हटलं की पुरे. आमच्या घरीच बघा ना! रोज जेवण झालं की मी ह्यांचा हात हातात घेऊन बसते आणि पूर्ण मिनिट मोजते. इतकी वर्षं झाली, पत्ता नाही माणसाला!"

हे सांगताना सिस्टरना अभिमानाने भरून आलं. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. वर्गातल्या तिघांच्या मनगटांवर जी सेकंदकाट्याची जुनी घड्याळं होती, ती त्यांनीच दुकानातून शोधून, तेलपाणी करून दिली होती. एवढा बारीक नजरेचा माणूस, पण स्वतःच्या मनगटावर काय चाललंय हे त्याला कळत नव्हतं. विद्येचा विजय म्हणतात तो हाच.

"आता घरचा अभ्यास," सिस्टर उठल्या. "घरी, कँटीनमध्ये, जिन्यावर, जिथे माणूस भेटेल तिथे मनगट धरायचं आणि मोजायचं. कुणालाही सुगावा लागता कामा नये!"

तिघांनी माना डोलावल्या. आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा धोका नाही, हे सिस्टरना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गाच्या दारात एक धिप्पाड माणूस येऊन उभा राहिला. मावशींचा नवरा. धंदा टेम्पोचा, आवाज हॉर्नचा. पण आज हॉर्न बसला होता.

"सिस्टर, खरं सांगा. माझे किती दिवस राहिलेत?"

"कशाचे?"

"माझे हो! काल बायकोने माझा हात धरला."

"मग?"

"मग काय मग! याआधी धरला होता तो लग्नाच्या फोटोत, तोही फोटोवाल्याने दम दिला म्हणून! काल मी टीव्ही बघत होतो. येऊन शेजारी बसली, मनगट धरलं आणि माझ्या छातीकडे एकटक बघत राहिली. तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. मी म्हटलं, काय गं? तर हसली! गोड हसली, सिस्टर! आणि म्हणते कशी, आज उकाडा फार आहे, नाही? अहो, मी स्वेटर घालून बसलो होतो!"

सिस्टरना हसू आवरेना. एका वाक्यात उलगडा करता आला असता. पण मग मावशींचं सरावाचं माणूस हातचं जाणार! परीक्षा तोंडावर आलेली. सिस्टरनी चेहरा गंभीर केला.

"तुम्हाला काहीही झालेलं नाही."

"म्हणजे सांगण्यापलीकडे गेलंय," टेम्पोवाले म्हणाले. त्यांनी डोळे पुसले आणि त्याच संध्याकाळी टेम्पोची किल्ली जावयाच्या हातात ठेवली.

तिकडे मामांनी कँटीनवाल्याचं मनगट धरलं. मामा भिडस्त, धरलेला हात सोडायचा कधी हे त्यांना कळेना, म्हणून एकाची तीन मिनिटं झाली. कँटीनवाल्याला वाटलं, याच्यावर काहीतरी मोठं संकट कोसळलंय आणि बोलवत नाहीये. त्याने मामांना पोटाशी धरलं, दोन चहा पाजले आणि आपल्याच घरची भांडणं सांगून हमसाहमशी रडायला लागला. रडणाऱ्या माणसाचे श्वास मोजता येत नाहीत. मामांचा दिवस फुकट गेला.

आणि लिफ्टवालीने तर कमालच केली! तिने हात धरला तो हिशेबनीसांचा. हिशेबनीस म्हणजे सडाफटिंग माणूस. आयुष्य बेरजांत गेलेलं, मनगटाला शाईशिवाय कुणी स्पर्श केला नव्हता. सही घ्यायला आलेल्या लिफ्टवालीने कागद टेबलावर ठेवला आणि सरळ हात हातात घेतला. मिनिटभर छातीकडे पाहिलं. हिशेबनीस कसेबसे म्हणाले, "क... काय?" ती गोड हसली आणि म्हणाली, "आज उकाडा फार आहे, नाही?" मग सही न घेताच निघून गेली, कारण डोक्यात आकडा होता आणि तो विसरला असता. दुसऱ्या दिवशी हिशेबनीस केस काळे करून आले. पगाराच्या कागदावर त्यांनी लिफ्टवालीच्या नावापुढे जो आकडा घातला, तो पाहून खजिनदाराला घेरी आली.

हळूहळू हॉस्पिटलभर कुजबुज सुरू झाली. मदतनीस माणसांचे हात धरतात! नुसते धरत नाहीत, हसतातसुद्धा! इतक्या वर्षांत ज्यांनी कुणाला सरळ उत्तर दिलं नाही ते आता हवापाण्याच्या गोष्टी करतात! वॉर्डातले पेशंट घाबरले. एका आजोबांनी तर मावशी गोड हसल्या म्हणून मुलांना बोलावून घेतलं.

बातमी साहेबांपर्यंत जायला वेळ लागला नाही.

"सिस्टर! तुम्ही यांना शिकवताय तरी काय?"

"श्वास मोजायला, साहेब."

"हात धरून?"

"हातच धरून, साहेब."

"महिनाअखेर वगैरे काही नाही. परीक्षा उद्या सकाळी! पेशंट मी स्वतः होणार. आणि परीक्षा चालू असताना तुम्ही कोपऱ्यात उभं राहायचं. एक अक्षर बोलायचं नाही, खूण करायची नाही. बोललात की नापास!"

साहेबांनी मनात सापळा रचला होता. त्यांना पक्की खात्री होती की हे तिघं अठराच लिहिणार. म्हणून त्यांनी ठरवलं, खाटेवर पडल्या पडल्या श्वास भराभर घ्यायचे, अगदी गुपचूप, वर काही कळू न देता. मग यांनी अठरा लिहिलं की उठून बसायचं आणि सिस्टरना कोठीची किल्ली द्यायची. किल्ली त्यांनी खिशात घालूनच आणली होती.

सकाळी साहेब वर्गातल्या खाटेवर आडवे झाले. बूट काढले, चष्मा काढला, चादर छातीपर्यंत ओढली. सिस्टर कोपऱ्यात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. समोरच्या फळ्यावर त्यांना चादरी दिसत होत्या.

मावशी पुढे झाल्या. मनगट धरलं, नजर छातीवर, घड्याळावर, परत छातीवर. साहेबांनी डोळे मिटून काम सुरू केलं. बारीक बारीक श्वास, आत-बाहेर, आत-बाहेर.

कोपऱ्यातून सिस्टरनी पाहिलं. वॉर्डात आयुष्य गेलेल्या बाईला आजार आणि सोंग यातला फरक एका नजरेत कळतो. लबाडी आहे ही! सिस्टरनी तोंड उघडलं. मग त्यांना साहेबांचा हुकूम आठवला, आणि त्यांनी तोंड मिटलं. मिटताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडं समाधान होतं, असं मामा पुढे बरेच दिवस सांगत. पण मामांनी चष्मा घातलेला नव्हता.

मावशींनी मिनिट पूर्ण केलं आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी मामांना खूण केली. मामांनी दुसरं मनगट धरलं. विचारलंसुद्धा नाही, इतकी वेळ कठीण होती! मोजून झालं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

साहेबांनी एक डोळा उघडला. "काय मग? लिहिलंत का?"

"चौतीस," मावशी म्हणाल्या.

"छत्तीस," मामा म्हणाले. "वाढतायत."

"किती?" साहेब ताडकन उठून बसले. "अठरा नाही?"

तोवर लिफ्टवालीने लाल बटण दाबलं होतं. आयुष्यभर बटणंच दाबलेली बाई, तिचा हात चुकतोय थोडाच! मजल्यावर घंटा घणघणली. सिस्टर कोपऱ्यात तशाच उभ्या.

"अहो, थांबा! मी ठीक आहे! मी बरा आहे!"

हे ऐकलं मात्र आणि तिघांचा धीरच सुटला. बरा आहे म्हणतोय! म्हणजे आता काही खरं नाही! मावशींनी साहेबांना खांद्याला धरून आडवं केलं. मावशींनी आडवं केलेला माणूस परत उठल्याची हॉस्पिटलात नोंद नाही.

तातडीची टीम धाडधाड आत आली. ट्रॉली, नळकांडं, मशीन आणि पुढे एक तरुण डॉक्टरीणबाई. खाटेवर खुद्द मोठे साहेब बघून ती आधी 'गुड मॉर्निंग, सर' म्हणाली. पण मावशी सरसावल्या आणि त्यांनी खणखणीत आवाजात कळवलं, "पेशंट, मोठे साहेब! श्वास चौतीस, लगेच परत मोजले तर छत्तीस! नाडी एकशे वीस! पेशंटचं म्हणणं, बरा आहे! माझंही एक मत आहे, पण मत सांगायचं नसतं म्हणून सांगत नाही!"

इतकं नेमकं वर्तमान त्या हॉस्पिटलात कुणी कुणाला आजवर दिलं नव्हतं.

"मी सोंग करत होतो!" साहेब ओरडले.

"सर, असंच म्हणतात सगळे," डॉक्टरीणबाईने समजूत घातली. "तुम्हीच शिकवलंत आम्हाला, पेशंटच्या बोलण्यावर जाऊ नका म्हणून." आणि तिने साहेबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवला. त्यानंतर साहेब जे जे बोलले ते सगळं मास्कच्या आत राहिलं. पुढे मास्क पुसताना मावशींना तो फारच गरम लागला म्हणे.

आता साहेब खरंच भडकले. राग आला की नाडी वाढते, नाडीबरोबर प्रेशर चढतं. लिफ्टवालीने पट्टा गुंडाळला आणि किंचाळली, "गच्चीवर गेलंय! गच्चीवर!" मग जीभ चावून म्हणाली, "एकशे नव्वद!"

"परत बघा," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"दोनशे! आता वर मजलाच नाही!"

साहेबांनी हात सोडवून घेतला आणि कोपऱ्याकडे बोट केलं. या बाईला विचारा! ही सांगेल! सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. सिस्टरनी साहेबांकडे पाहिलं, अदबीने मान लववली आणि ओठांवर बोट ठेवलं. हुकूम म्हणजे हुकूम!

एवढ्यात साहेबांच्या पत्नी, बाईसाहेब, आल्या. खालच्या काउंटरवरून कुणीतरी फोन केला होता. त्या धापा टाकत दारात पोचल्या आणि बघतात तो काय! साहेबांच्या शर्टाची बटणं उघडी, छातीवर वायरी, एक हात एका बाईच्या हातात, दुसरा दुसरीच्या हातात, आणि दोघींची नजर साहेबांच्या छातीवर खिळलेली!

"हे काय चाललंय?" त्या कडाडल्या.

मावशी मोजत होत्या. आकडा मोडता कामा नये. त्यांनी मान वळवली, गोड हसल्या आणि म्हणाल्या, "आज उकाडा फार आहे, नाही?"

बाईसाहेबांच्या हातातली पर्स खाली पडली. त्यांच्या मागोमाग घंटा ऐकून हिशेबनीसही धावत आले होते. कोटाच्या खिशाला गुलाबाचं फूल. लिफ्टवालीच्या हातात साहेबांचा हात पाहून ते दारातच थिजले.

"म्हणजे... तुम्ही सगळ्यांचेच धरता?"

लिफ्टवाली गोड हसली. तिलाही मोजायचं होतं. "वाराच पडलाय आज," ती म्हणाली. हिशेबनीसांनी फूल काढून खिशात आत कोंबलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. मामांनी तत्परतेने त्यांचं मनगट धरलं.

साहेबांना निरीक्षणाखाली ठेवलं. दर पंधरा मिनिटांनी मनगट, छाती, पट्टा. जरा डोळा लागला की मावशी हजर, कारण झोपलेल्याचे श्वास सगळ्यात खरे असतात असं सिस्टरनी शिकवलं होतं. दुपार उलटली तेव्हा कुठे सगळे आकडे जाग्यावर आले. मावशींनी शेवटचं मोजलं, घड्याळ बघितलं आणि खाली मान घालून चाचरत म्हणाल्या, "सिस्टर, रागावू नका, पण खरंच मोजलेत. अठरा."

संध्याकाळी सिस्टर केबिनमध्ये उभ्या राहिल्या. साहेबांच्या नाकावर मास्कचा वळ होता आणि चष्मा अजून एकाच काडीवर.

"तुम्हाला कळलं होतं ना, मी सोंग करतोय ते?"

"कळलं होतं, साहेब."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर नापास!"

साहेबांनी टाचणीने टेबल कोरलं. नापास करावं तर कारण लिहायला हवं. काय लिहिणार? मी आजाराचं सोंग केलं आणि माझ्या माणसांनी ते वेळेवर, अचूक ओळखून कळवलं? त्यांनी सही केली. "पास. तिघंही. वर्ग कायम."

सिस्टरना गगन ठेंगणं झालं. त्या दारापर्यंत पोचल्या तोच मागून आवाज आला.

"एक राहिलंच, सिस्टर. ती दुसऱ्या मजल्यावरची खोली मला लागेल. आजच्या प्रकारानंतर डॉक्टरांनी मला दुपारी आडवं व्हायला सांगितलंय, आणि तिथे वारा छान येतो. तुमचा वर्ग खाली भरवा." साहेबांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "चादरींच्या कोठीत. खाटेची सोय नाही, पण गाद्या भरपूर आहेत. अठरा श्वास घेणाऱ्या!"

तरीही सिस्टर घरी गेल्या त्या आनंदातच. कोठी तर कोठी, वर्ग राहिला! जेवताना त्यांनी यजमानांना सगळी हकीकत रंगवून सांगितली. साहेबांचा मास्क, गच्चीवर गेलेलं प्रेशर, टेम्पोवाले. टेम्पोवाल्यांना आपण ठणठणीत आहोत हे कळलं होतं, पण जावई किल्ली परत द्यायला तयार नव्हता. म्हणत होता, सासरेबुवा, दिलेलं परत घेऊ नये! आणि हिशेबनीस! संध्याकाळी लिफ्टमध्ये लिफ्टवाली भेटली तर त्यांनी स्वतःच मनगट पुढे केलं. ती मोजून म्हणाली, चोवीस, जरा जास्त आहेत. ते म्हणाले, तुम्ही आलात की वाढतात!

यजमान पोट धरून हसले. जेवणं झाली. नेहमीप्रमाणे दोघं खिडकीपाशी बसली. नेहमीप्रमाणे सिस्टरनी त्यांचा हात हातात घेतला.

यजमान हसता हसता थांबले.

"एक सांग," ते म्हणाले. "हे चोरून मोजायचं, मनगट धरून, छातीकडे बघत, ते तू शिकवलंस त्यांना?"

"मग! माझीच विद्या!"

"आणि तू कुणावर शिकलीस?"

यजमानांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. मग सिस्टरच्या बोटांकडे. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, ज्याचा सेकंदकाटा त्यांनी दर वर्षी न चुकता साफ केला होता.

"म्हणजे इतकी वर्षं," ते सावकाश म्हणाले, "रोज जेवण झालं की तू जो माझा हात धरून बसायचीस... मी दुकान लवकर बंद करून यायचो गं त्यासाठी. ते तू..."

खरं सांगावं तर हात जाणार. खोटं तर सिस्टरना कधी जमलंच नव्हतं. वॉर्डात, वर्गात, साहेबांसमोर कधी न डगमगलेली बाई अंगठ्याने लादी कुरतडायला लागली. मग त्या गोड हसल्या.

"आज उकाडा फार आहे, नाही?"

हात यजमानांनी काढून घेतला नाही आणि सिस्टरनीही सोडला नाही. आज मोजायचं नाही, असं त्यांनी अगदी निक्षून ठरवलं. पण जित्याची खोड! मिनिट झालं आणि आकडा आपोआप डोक्यात उभा राहिला. सव्वीस!

पंचविसाच्या वर. नियमाप्रमाणे दुसऱ्याकडून मोजून घेऊन ताबडतोब वर कळवायला हवं होतं. पण वाढण्याचं कारण जिथे आपणच, तिथे कळवणार कुणाला!